आखूड बंदूक

इराचा फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात गार्डन बिनमध्ये पाला भरत होते. इरा ही वसुधाची मुलगी. एरवी लंडनला, ईलिंगमध्ये असते, पण शेवटी शेवटी ती आईपाशी लीड्सच्या हॉस्पिसमध्येच राहायला आली होती. स्क्रीनवर तिचं नाव दिसलं आणि मी फोन उचललाच नाही. बागकामाचे हातमोजे काढायचं निमित्त केलं, एकेक बोट सावकाश सोडवत बसले. जोवर मी उचलत नाही तोवर वसुधा आहे, असा माझा आपला हिशेब. भित्र्या माणसांचे हिशेब असेच असतात. फोन वाजून बंद झाला, लगेच पुन्हा वाजला. "मावशी, शी इज गॉन. झोपेतच," इरा म्हणाली. तिच्या बाजूनं कुणीतरी कपबश्या आवरत असल्याचा आवाज येत होता तो ऐकत राहिले…

त्याला आता काही आठवडे झाले. सगळे मला विचारतात, डॉक्टर वसुधा कशा होत्या, काहीतरी लिहा. महाराष्ट्र मंडळातल्या नव्या मुलामुलींना ती व्हीलचेअरमधली, अक्षरांच्या पाटीवर नजरेनं खुणावून बोलणारी आजी म्हणूनच ठाऊक. त्यांना मी काय सांगू? लीड्सच्या इस्पितळात ती आयुष्यभर भूलतज्ज्ञ होती, नवऱ्यामागे तिनं एकटीनं मुलगी वाढवली, हे सांगता येईल. पण मला सारखी आठवते ती वेगळीच गोष्ट. सत्तरी जवळ आलेल्या आम्ही दोघी एका बंदुकीच्या दुकानात उभ्या आहोत, आणि वसुधा दोन बंदुकांतली कुठली घ्यावी याचा विचार करते आहे. हा विचार तिनं महिनोन्‌महिने केला. तो इतका का लांबला, त्या निवडीत तिचं काय पणाला लागलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तिचे हात एकेक करून जाणार होते. ते तिला माहीत होतं, आणि मला नव्हतं.

आधी माझ्या भित्रेपणाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय आमची मैत्री समजायची नाही. मी सगळ्याला भिते. लिफ्टला, कुत्र्यांना, राउंडहे पार्कच्या तळ्यावर चोच वासून अंगावर येणाऱ्या त्या हंसांना, बदकांच्या थोरल्या भावंडांना, दारातून पडणाऱ्या सरकारी खाकी पाकिटांना. या देशात आल्यापासून एक भीती जास्तीची लागली आहे, आपण नकळत काहीतरी चूक करू आणि कुणीतरी येऊन आपल्याला घेऊन जाईल ही. सासरी-माहेरी सगळे हसायचे. वसुधा हसायची नाही. तिचा धंदाच घाबरलेल्या माणसांचा होता. ऑपरेशन टेबलावर आडवं केल्यावर माणूस किती घाबरतो हे तिनं रोज बघितलेलं. माझं पित्ताशय काढलं तेव्हा भूल द्यायला तीच होती. इतरांना ती आकडे उलटे मोजायला सांगायची. माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "मंगले, चकलीची भाजणी सांग. प्रमाणासकट." मी तांदूळ म्हटलं, हरभऱ्याची डाळ म्हटलं, मुगाच्या डाळीला पोचले असेन नसेन, संपलं. जागी झाले तर ती शेजारी होती आणि म्हणत होती, उडीद राहिला बाई तुझा. तेव्हापासून मी कशानंही गांगरले की वसुधा एवढंच म्हणे, "भाजणी सांग." आणि मी सांगायची.

ती मूळची नागपूरची. कॉलेजात एनसीसीमध्ये होती, तिथं पालथं पडून नेमबाजी शिकली. मग शिक्षण, लग्न, इथं येणं, ड्यूट्या यांत ते सगळं राहून गेलं. निवृत्त झाल्यावर बायका योगाच्या क्लासला जातात, वसुधा रायफल क्लबला गेली. लीड्सबाहेर एका बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीच्या शेडमध्ये हा क्लब आहे. लोकरी टोप्या घातलेले आठ-दहा म्हातारे यॉर्कशरी, चहाची किटली, बिस्किटांचा डबा, आणि समोर भिंतीशी कागदी चकत्या. बंदूक म्हणजे आपण ज्याला छर्ऱ्याची बंदूक म्हणतो ती, दाबलेल्या हवेवर चालणारी. इंग्लंडात कमी ताकदीच्या अशा बंदुकीला परवाना लागत नाही. हे वसुधानं मला निदान पन्नासदा समजावलं होतं आणि मी एकदाही विश्वास ठेवला नव्हता. ती नेम धरायची आणि मी बाहेर गाडीत थर्मास घेऊन बसायची. शेडमधून सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखा बारीक आवाज यायचा, तेवढ्यानंही मी गाडीची काच वर करून घ्यायची.

गाडीत मी असायची, कारण वसुधानं ड्रायव्हिंग सोडलं होतं. डावा खांदा धरला आहे, फ्रोझन शोल्डर, म्हणाली. आमच्या वयात कुणाचा ना कुणाचा खांदा धरलेला असतोच, मी काय शंका घेणार? त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं सांगितलं की तिला बंदूक बदलायची आहे, बुलपप घ्यायची आहे. ते नाव ऐकून मला वाटलं ही कुत्रं आणते की काय, आणि मी मनातल्या मनात तिच्या घरी जाणंच बंद करून टाकलं. मग तिनं तिच्या स्वयंपाकघरात लाटणं घेऊन समजावलं. साध्या बंदुकीत चापाच्या पुढं सगळी लांब नळी, तिचं वजन डाव्या हातावर पडतं. बुलपपमध्ये चाप पुढं नेतात, आणि छर्रा भरायची जागा, हवेची टाकी, सगळं मागं गालाशी आणतात. बंदूक आखूड होते. वजन खांद्यात येतं. डाव्या हाताला नुसतं टेकू द्यायचं काम उरतं. सगळं इतकं सोपं करून सांगितलं होतं, पण डाव्या हाताचं काम कमी कशाला करायचं, हे मी विचारलं नाही. खांदा धरलाय ना, एवढं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

दुकान डोंगराकडच्या एका गावात होतं, एका बाजूला खाटिक, दुसऱ्या बाजूला केक शॉप. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा काऊंटरपर्यंत पाऊल उचलेना. भिंतीभर बंदुका, आणि मालक आपला शांतपणे केक खातोय. दाढीवाला, मोठा माणूस, आम्हा दोघींनाही इथल्या रीतीप्रमाणं 'लव्ह' म्हणायचा. वसुधानं हवी ती सांगितली आणि त्यानं एक अक्रोडाच्या लाकडाची बुलपप काढून तिच्या हातात दिली. ती बंदूक, मी भित्री असूनही सांगते, सुंदर होती. दस्त्यावरच्या लाकडाच्या रेषा तेलपाण्यानं उजळलेल्या, जुन्या सतारीच्या भोपळ्यासारखा रंग. मला जरा धीर आला. लाकडाचं काही असलं की ते घरातलं वाटतं. वसुधानं ती खांद्याला लावली, चाप ओढून पाहिला आणि डोळे मिटले. म्हणाली, "बघ, अगदी कडेपर्यंत येतो, थांबतो, सांगतो की आता मी सुटणार… मग सुटतो. आय लव्ह दॅट."

तिच्याविरुद्ध होती दुसरी. ती दुकानातली नव्हती, क्लबातल्या कीथ नावाच्या सोबत्याची होती आणि तो ती विकायला काढणार होता. तीही बुलपपच, पण काळी, प्लास्टिकची, कोनाकोनांची. बातम्यांत सैनिकांच्या हातात दिसते तशी. मला तर ती बघवत नसे. पण वसुधा दोन्हींची तुलना डॉक्टरच्या नजरेनं करायची. लाकडाची जड आहे आणि तिचा छर्रा भरायचा खटका मागं कानापाशी आहे. दर वेळी छर्रा भरायला बंदूक खांद्यावरून उतरवावी लागते, म्हणजे डाव्या हातावर पेलावी लागते. काळी हलकी, खटका पुढं, उजव्या हातानंच सगळं होतं, बंदूक खांद्यावरून हलवायला नको. पण काळीचा चाप पुचाट. चाप पुढं आणि यंत्र मागं, मधून एक लांब काडी जाते, ती कीथच्या बंदुकीत सैल आहे. "दाबत जा, दाबत जा, कधी सुटेल काही कळतच नाही," वसुधा म्हणायची. "मला असं चालत नाही गं. आय लाइक टु बी टोल्ड."

उन्हाळाभर आमच्या त्या दुकानात खेपा चालल्या. दर वेळी ती लाकडाची उचलायची, खांद्याला लावून उभी राहायची, मालक घड्याळाकडं न बघता उभा राहायचा. मी म्हणायची, घेऊन टाक ना बाई, साडीला तरी एवढे हेलपाटे घालत नाही कुणी. माझा आपला स्वार्थ होता, लाकडाची घेतली तर ती काळी टळेल. ती म्हणायची, अजून ठरत नाही. एकदा परत येताना गाडीत म्हणाली की दरखेपेला ती लाकडाची मागच्यापेक्षा जड लागते. मी हसून म्हटलं, बंदुका कुठं वाढतात होय. तिच्या मांडीवरचा डावा हात तिनं उजव्या हातानं उचलून सरळ केला, शाल सारखी करावी तसा. आता मला ते सगळं दिसतं.

आणि मग ती खंडेनवमी आली. वसुधाच्या घरी नवमीला हत्यारांची पूजा दरवर्षी थाटात व्हायची. हत्यारं म्हणजे आपापल्या कामाची. तिच्या पाटावर तिचा जुना स्टेथोस्कोप असे, आणि घसा उघडून नळी घालण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात तो लॅरिंगोस्कोप. तो नेहमी डाव्या हातात धरतात, तिनंच सांगितलेलं. हजारो माणसांचे जबडे तिनं त्या डाव्या हातानं उचलून धरले होते. शिवाय तिच्या आईची शिवणाची कात्री, माझं लाटणं आणि गाडीची किल्ली, कारण वसुधाच्या मते तेव्हा माझं मुख्य काम तिला हिंडवणं हेच होतं. त्या वर्षी कीथनं काळी बंदूक तिला घरी वापरून बघायला दिली होती. साहजिकच तीही पाटावर आली. देवघर तिचं लहान, वरच्या खोलीतल्या कपाटात. म्हणून तिनं पाट मांडला पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या त्या बाहेर आलेल्या मोठ्या खिडकीत. पूर्व तिकडंच येते, म्हणाली. ऑक्टोबरातली संध्याकाळ होत आली होती, म्हणून आम्ही दिवे लावले. पडदे उघडे. काळ्या बंदुकीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. आता लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा दोघींच्या डोक्यात एवढंसुद्धा आलं नाही की रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसत असेल. आम्हाला पाट दिसत होता. रस्त्यावरच्याला उजेडात मांडलेली बंदूक दिसत होती आणि तिच्याभोवती वावरणारी दोन परकी माणसं.

मी निरांजन पेटवून तबक हातात घेतलं होतं. तेवढ्यात खिडकीच्या काचेवर निळा उजेड फिरला. आवाज नाही, नुसता उजेड. मी वर बघितलं. समोरच्या भिंतीआड, गाडीआड माणसं वाकलेली होती, आणि त्यांच्या हातातल्या बंदुका पूजेच्या नव्हत्या. बाहेरून मोठ्यानं आवाज आला. पुढच्या खोलीतल्यांनी जागेवर थांबा, हात दिसतील असे वर करा. तबक मी कसं खाली ठेवलं ते मला माहीत नाही, पण निरांजन विझलं नाही एवढं आठवतं. हात वर केले. शेजारी वसुधानं उजवा हात वर केला. डावा कमरेपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"बोथ हँड्स!" बाहेरून आवाज आला. "बोथ हँड्स, नाऊ!"

मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता, ओठ घट्ट मिटलेले, सगळा जीव तिनं त्या हातात आणला होता आणि हात वर जात नव्हता. बोटं नुसती थरथरत होती, बंदुकीच्या अगदी जवळ. "आय कान्ट," ती म्हणाली, पण आपल्या आपल्याशी बोलावं तशी, काचेपलीकडं कुणाला ऐकू जाणार? इतकी भीती मला जन्मात कधी वाटली नाही, पुन्हा वाटेल असंही वाटत नाही. हलू नका असं ते ओरडत होते. आणि मी हलले. काय अंगात आलं माझ्या कोण जाणे. एक हात वरच ठेवला, दुसऱ्यानं तिचा कोपर धरला आणि तिचा हात डोक्याच्या वर उचलला. तो हात इतका हलका आणि तरी इतका जड होता… खांदा धरलेल्या माणसाचा हात ताठ असतो, हा तसा नव्हता. हा नुसता लोंबत होता. ओठ न हलवता वसुधा म्हणाली, "सोडू नकोस."

मी सोडला नाही. भाजणी म्हणत राहिले, तांदूळ, हरभरा, मूग, उडीद, धने, जिरे, पुन्हा तांदूळ. आम्हाला तसंच, तिचा हात मी धरलेला, दाराबाहेर बोलावलं, बागेच्या भिंतीवर बसवलं. आत जाऊन त्यांनी सगळं पाहिलं. मग एक पोलीसबाई बाहेर आली, माझ्या सुनेच्या वयाची, बोलण्यात खास यॉर्कशर. तिच्या हातमोज्याला लाल लागलं होतं. तिनं विचारलं, "इज दिस ब्लड?" वसुधा म्हणाली, नाही गं बाई, कुंकू आहे, मुळात हळदच. मग तिनं शांतपणे सगळं समजावलं: आज आम्ही ज्या वस्तूंवर पोट भरतो त्यांना नमस्कार करतो, बंदूक हवेची आहे, कायद्यातली आहे, कीथचा नंबर हा. पोलीसबाईनं नंबर लावून खात्री केली. मग ती खिडकीतल्या पाटाकडं बघत म्हणाली की तुम्ही काही गुन्हा केलेला नाही, पण पुढच्या वर्षी कृपा करून पडदे लावा. जाता जाता तिची नजर वसुधाच्या हाताकडं गेली. मी तो अजून धरूनच होते. तुमचा हात असा कधीपासून आहे, तिनं विचारलं. आणि वसुधानं तिला, त्या परक्या पोरीला, सरळ उत्तर दिलं.

"मोटर न्यूरॉन डिसीज. सिन्स द स्प्रिंग."

म्हणजे मला असं कळलं. बागेच्या भिंतीवर, अर्धा रस्ता पडद्याआडून बघत असताना. मला नाव माहीत होतं त्या आजाराचं, आमच्या गल्लीतले एक गृहस्थ त्यातच गेले होते. आधी हात, मग पाय, मग गिळणं, बोलणं, श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख, सगळं बघत बसायला. पोलीस निघून गेले, शेजारच्या बाईनं चहा हवाय का विचारलं. आम्ही आत आलो तर निरांजन जळतच होतं. मी तिच्यावर चिडले. घाबरलेली माणसं आधी चिडतात. मला का नाही सांगितलंस, म्हणून मी ओरडले, रडले. ती खुर्चीत बसली होती, मांडीवर तो हात.

"तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस," ती म्हणाली.

"आणि तू? तू नाही घाबरत? तुला कशाचंच काही वाटत नाही?"

वसुधानं काळ्या बंदुकीकडं बघितलं. मग म्हणाली, "मंगले, मी इतकी घाबरून राहिली आहे बाप्पा, की सकाळी उठल्यावर डोळे न उघडता आधी बोटं हलवून बघते. मला ती लाकडाची हवी आहे. ती घेतली तर हिवाळ्यापर्यंत जमेल, फार तर. काळी घेतली तर पुढचा उन्हाळा मिळेल. आवडती घेऊन ग्रेसफुली थांबावं, असं वाटतं ना? मलाही वाटायचं. पेशंट्सना मी तसंच सांगायची. पण मला जास्त दिवस हवेत. कुरूप चालतील. मला जास्त हवेत."

इतकी वर्षं मी तिला निधड्या छातीची बाई समजत होते. तिच्याजवळ बसलं की माझी भीती कमी व्हायची, म्हणून तिच्यात भीती नसणार असं मी धरून चालले होते. त्या दुकानात ती दोन बंदुकांची तुलना करत नव्हतीच. लाकडाची उचलून ती दर वेळी स्वतःचा हात तपासत होती, आणि ठरवत नव्हती तोवर दोन्ही तिच्यासाठी होत्या. त्या संध्याकाळी तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दसरा. कीथला फोन केला की काळी मी घेते. एक कारण तिनं त्याला सांगितलं तेही खरंच होतं. मुठीवरच्या बारीक खाचांत कुंकू इतकं बसलं होतं की दात घासायच्या ब्रशानंही निघेना, अशी बंदूक परत कुठल्या तोंडानं द्यायची? कीथ म्हणाला, त्याला तर ते आवडलं असतं.

पुढचा हिवाळा आम्ही दोघींनी क्लबात काढला. मी आता गाडीत बसत नसे. वसुधाला बंदूक टेबलावर टेकवून मारायचं नव्हतं, उभ्यानंच मारायचं होतं. क्लबच्या म्हाताऱ्यांनी आपसात बोलून ठरवलं की डॉकसाठी नियम जरा वाकवला तरी चालेल, आणि मी तिच्या डाव्या बाजूला उभी राहून तिचा कोपर माझ्या उजव्या तळव्यावर घ्यायची. मी, जी फुगा फुटला तरी किंचाळते! पहिल्या दिवशी माझाच हात एवढा कापत होता की छर्रा कागदाला लागलाच नाही. वसुधा म्हणाली, "भाजणी सांग." मग जमायला लागलं. ती श्वास सोडायची, मधेच थांबवायची, मीही थांबवायची. आणि तो पुचाट चाप, कधी सुटेल न कळणारा… मी डोळे मिटून वाट बघायची. दर वेळी वाटायचं, आता, आता. आणि दर वेळी तो आपल्याला वाटतं त्याच्या जरा आधी किंवा जरा नंतर सुटायचा. तिचा नेम मात्र सुधारत गेला. हात जात होता आणि नेम सुधारत होता, तिला याचं फार हसू यायचं.

तिला तो उन्हाळा मिळाला. पुरता नाही, पण मिळाला. एक दिवस उजव्या हाताच्या बोटाला चाप दाबेना, तेव्हा तिनं बंदूक माझ्याकडं दिली, रिकामी आहे ना ते कसं बघायचं ते मला तीनतीनदा करायला लावलं आणि क्लबातल्या प्रत्येकाला थँक यू म्हणून बाहेर पडली. त्यानंतरच्या नवमीला ती व्हीलचेअरवर होती. पाट मांडला, पडदे लावले. काळ्या बंदुकीला माळ घातली. आरती झाल्यावर वसुधानं माझ्याकडं बघितलं. बोलणं तेव्हा जड झालं होतं, पण मला कळलं. मी तिचा डावा हात उचलला, उजवाही उचलला, दोन्ही एकमेकांवर ठेवले आणि माझ्या दोन हातांत धरून ठेवले. तिचा नमस्कार झाला. माझा राहिला, तो मी तिच्यातच धरला.

हॉस्पिसमध्ये मी शेवटची गेले तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि त्यांत भीती होती. ती नव्हती असं मी लिहिणार नाही. शांतपणे गेली वगैरे लोक म्हणतात, त्यांना म्हणू दे. मी तिचा हात घेतला आणि तिच्या कानाशी भाजणी सांगितली, प्रमाणासकट, उडीद न विसरता. जिऱ्याला पोचले तरी ती झोपली नाही, म्हणून पुन्हा तांदळापासून सुरू केली. तिसऱ्यांदा का चौथ्यांदा केव्हातरी डोळे मिटले.

इरानं घर आवरताना फोन केला. तिची मराठी इथलीच, मोडकी. "मावशी, ती गन मी घरी नाही ठेवू शकतो, मुलं छोटी आहे. पोलिसला देऊन टाकू? तुला तर फार भीती वाटतो ना?" मी ऐकत होते आणि माझ्याच तोंडून शब्द आले, माझ्याकडं राहू दे. आता ती माझ्या कपाटात, कुलपात, नऊवारींच्या मागं आहे. अजूनही कपाट उघडण्याआधी मी भाजणी म्हणते. बाहेर काढते, तिनं शिकवल्याप्रमाणं रिकामी आहे ना बघते, मुठीवरच्या खाचांतलं कुंकू बघते. ती उचलली की माझा उजवा तळवा आपोआप कोपराच्या उंचीवर हवेत जातो आणि तिथं काही नसतं.

पुढच्या आठवड्यात नवमी आहे. मी पाट मांडीन, लॅरिंगोस्कोप इरा पाठवते आहे, पडदे आठवणीनं लावीन. पोलिसांची भीती आता वाटत नाही, बंदुकीचीही पूर्वीसारखी नाही. आरती होईल, मी तबक खाली ठेवीन, आणि नमस्कार करायला यंदा माझे दोन्ही हात मोकळे असतील. मला भीती वाटते आहे ती त्याची.